अमरमधला अ

कारखाना, ३ फेब्रुवारी

ताई,

पायाशी येऊन करायचा नमस्कार कागदावरून करतोय. दगड कापायचं नवं यंत्र आलंय आणि ते माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. बायको म्हणते, बरं झालं, घरात कुणी तुमचं ऐकत नाही, निदान यंत्र तरी ऐकतंय.

एक बातमी आहे. चांगली म्हणायची की काय, ते तू ठरव. लढाईत माणसं जिथे पडली तिथेच पुरली होती, त्या सगळ्या तात्पुरत्या दफनभूमी सरकार आता बंद करतंय. ज्यांच्या घरचे मागतील त्यांना आपला माणूस पेटीतून घरी मिळेल. बाकीच्यांना एका मोठ्या दफनभूमीत नेणार आणि तिथे कायमचं स्मारक उभं करणार. ते स्मारकाचं काम मला मिळालंय. मास्तर म्हणायचे ना, हा पुढे रस्त्यावर खडी फोडेल? मास्तरांचा शब्द खाली पडू दिला नाही. फोडली. पण फोडताना कान उघडे ठेवले.

हे कामही कानामुळेच मिळालं. कचेरीच्या बाकावर बसलो होतो. आत एक साहेब दुसऱ्याला म्हणाला, "संगमरवर नको, पांढऱ्यावर डाग फार दिसतात." मी तिथल्या तिथे माझ्या अर्जातला संगमरवर खोडला आणि काळा दगड लिहिला. बाकीचे सगळे पांढरे घेऊन आले होते.

पण मी काम मागितलं ते दगडासाठी नाही. आपला उंट जिथे पुरलाय ती दफनभूमीही तात्पुरतीच. तिथलं जुनं स्मारक उतरवायचं काम माझ्याकडेच आहे, म्हणजे उकरतील तेव्हा मला तिथे उभं राहता येईल. तुझा मुलगा परक्यांच्या हातांनी वर येणार नाही, एवढं मी बघतो. तू अर्ज भर. शेवटच्या रकान्यात "घरी" लिही. कोरा सोडलास तर ते त्याला मोठीत नेतील.

तुझा,
धोंड्या

दुकान, ११ फेब्रुवारी

धोंड्या,

अर्ज भरला. "घरी" इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला, म्हणून दुसरा आणून पुन्हा लिहिलं. इथल्या दफनभूमीत भिंतीकडेची जागा सांगून ठेवलीय. दुकानाला कुलूप लावून चालत जाता येतं आणि गिऱ्हाईक यायच्या आत परत येता येतं. मला एवढंच हवंय. स्मारक नको, भाषण नको. माझा मुलगा मला चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवा.

तिथे उभा राहणार आहेस तर एक बघ. त्याचे पाय मावले होते का? घरात खाटेबाहेर यायचे. रात्री पाणी प्यायला उठले की मी अडखळायची. त्याच्या विजारींची मुडप मी दर वर्षी सोडायची. सोडून सोडून मुडपच संपली, तेव्हा तो सैन्यात गेला. म्हणाला, तिथे मापाचे कपडे देतात. मापाचे देतात की मापाचे करून घेतात, कोण जाणे. दुमडले असतील तर तसं सांग. मी शिवणकाम करणारी बाई आहे, दुमडणं मला नवीन नाही.

गाडी सुटताना तू शेजारीच होतास. डबा माझ्याच हातात राहिला, गाडी हलली आणि मी पळत ओरडले, "मर मेल्या, डबा तरी घे." लोक वळून बघायला लागले. हा उंटासारखी मान बाहेर काढून हसतोय. लोकांना काय माहीत, आपल्याकडे "मर मेल्या" म्हणजे ऊठ, जेव, उशीर झाला, स्वेटर घाल. आईनं आपल्याला ह्याच दोन शब्दांवर वाढवलं. आता तो खरंच मेलाय, तर ते शब्द तोंडातून गेलेत. मांजर दुधात तोंड घालतं तेव्हा मी नुसती "ए" म्हणते. मांजरही गोंधळलंय.

ताई

छावणी, २ मार्च

ताई,

पोचलो. ओसाड माळ आहे, भोवती तारेचं कुंपण. फाटकावर पाटी आहे: "तात्पुरती दफनभूमी. आत सायकल आणू नये." कायमच्या दफनभूमीत चालते का, असं मी पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तिथे मोटारी येतील, साहेब."

मेजर भला माणूस आहे. जेवताना फार बोलतो आणि कबरींजवळ अजिबात बोलत नाही. उलटं असतं तर मला ऐकायला जास्त मिळालं असतं.

प्रत्येक कबरीवर दारूगोळ्याच्या खोक्याची फळी, पांढरा रंग, वर काळ्या अक्षरांत नाव. आणि रांगा बघण्यासारख्या. अगदी सुतात. एक फळी बोटभर पुढे नाही, मागे नाही. माझ्या गवंड्यांना इथे आणून उभं करावं आणि म्हणावं, बघा, ह्याला काम म्हणतात. वरून गोळे पडत असताना, घाईघाईत पुरलेली माणसं इतकी सरळ कशी ठेवली असतील, मला खरंच कौतुक वाटलं. खड्डे मात्र सगळे एका मापाचे. लष्कराला माणूस एका मापाचाच लागतो.

उंटाची फळी तिसऱ्या रांगेत, कुंपणाकडे. नावात एक वेलांटी चुकलीय, ती रंगाऱ्याची. बाकी ठीक.

आता गंमत ऐक, हिला गंमत म्हणायची असेल तर. मधोमध पोरांनीच बांधलेलं स्मारक आहे. सिमेंटचा चौथरा, त्यावर खांब आणि खांबावर पत्रा कापून बसवलेला एकच मोठा शब्द: अमर. गेल्या वाऱ्यात त्यातला अ पडला. आता खांबावर काय राहिलं, ते तुला सांगायला नको. मेजरनी त्यावर पोतं घातलंय, पण इथला वारा पोत्याला जुमानत नाही. दिवसातून चार वेळा पोतं उडतं आणि सगळ्या मेलेल्यांसमोर मोठ्या अक्षरांत "मर" उभं राहतं. "मंत्री येऊन गेले तेव्हा अ जागेवर होता, तेवढंच नशीब," असं मेजर म्हणाले. पहारेकरी माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "हुकूम पहिल्यापासून तोच होता, साहेब. आता फक्त नीट वाचता येतो."

पुढच्या आठवड्यात उकरायला सुरुवात.

धोंड्या

दुकान, ९ मार्च

धोंड्या,

पायांबद्दल विचारलं होतं, ते तू गाळलंस. वेलांटीचं लिहिलंस.

तुझं पत्र वाचून मी हसले. मशीन थांबवून हसले. शेजारचा घड्याळवाला काय झालं म्हणून बघायला आला. बाई रडत असेल असं वाटून आला होता, मग ओशाळून परत गेला. उंट असता तर तो लोळला असता, तो अर्धा दात दाखवत. आठवतो ना तो दात? सोड्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडून दाखव म्हणून तूच पैज लावली होतीस. झाकण राहिलं बाटलीला आणि अर्धा दात गेला. पुढचाच. मी तुला आठवडाभर चहा दिला नव्हता.

तो अ परत लावू नका. मेजरना सांग, बाई म्हणते लावू नका. त्या अख्ख्या माळावर घरचा म्हणावा असा तो एकच शब्द आहे. बाकी सगळं सरकारी.

पायांचं लिही.

ताई

छावणी, २८ मार्च

ताई,

झालं. पेटी काल निघाली, सोबत एक शिपाई दिलाय. तुझ्याकडे पोचायला वेळ लागेल, मधला पूल अजून दुरुस्त नाही.

मी शेवटपर्यंत हजर होतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पाय सरळ होते. दुमडलेले नव्हते. उलट पायाशी जागा उरली होती, अगदी ऐसपैस निजला होता. चेहरा म्हणावा असं आता काही नसतं, पण दात सगळे जागच्या जागी, ओळीनं, हसल्यासारखे. मेजर टोपी काढून उभे होते. कुणी घाई केली नाही, कुणी थट्टा केली नाही. पेटीला सील आहे, ते तोडायचं नसतं, तसा नियम आहे. शिपाई तुला सांगेलच.

जुनं स्मारक उतरवलं. नव्याचा दगड खाणीतून निघालाय, काळा कुळकुळीत, एकही शीर नाही. शब्द तोच, अमर, पण ह्या वेळी अक्षरं चिकटवायची नाहीत, दगडातच कोरायची, म्हणजे पडायची भानगड नाही. उद्घाटनाला मंत्री येतील. आयांना पहिल्या रांगेत खुर्च्या आहेत. तुझी मी मधली सांगून ठेवलीय, पाठीवर ऊन येणार नाही अशी. कोरीव कामाला दोन जुने कारागीर मिळालेत, दिवसभर एकमेकांशी भांडतात, पण हात सोन्याचे. यंत्राचा पट्टा तुटला होता, तोही आला. सगळं मार्गी लागलंय. तू आता शांत हो.

धोंड्या

दुकान, १२ एप्रिल

धोंड्या,

पेटी आली. बँड आला, शाळेची मुलं आली. त्यांच्या अंगावरचे गणवेश मीच शिवलेले. नगराध्यक्षांनी नाव वाचलं, वेलांटी त्यांनीही चुकवली. भिंतीकडेला पुरलं. मी उभी राहिले, रडू आलं नाही, लोकांना ते बरं वाटलं नसावं.

घरी आले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं.

पायाशी जागा उरली. खड्डे एका मापाचे आणि उंटाच्या पायाशी जागा उरली.

दात सगळे जागच्या जागी.

तू जगाचं ऐकत मोठा झालास, पण लिहिताना स्वतःचं ऐकत नाहीस. ती पेटी कुणाची आहे?

ताई

कारखाना, १९ एप्रिल

ताई,

तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. म्हणून जे दिसलं त्यातलं चांगलं तेवढं निवडून लिहिलं. शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो उंटाबद्दल नव्हता. दाताचं मला खरंच सुचलं नाही. पैज लावणारा मीच, आणि तुझं पत्र खिशात असताना विसरलो.

फळीखाली जो निघाला तो माझ्या खांद्याला लागला नसता. मी मेजरना म्हणालो, हा आमचा नाही. ते म्हणाले, "फळी हाच पुरावा." त्यांच्या समोर सील लागलं, नाव चढलं. मग शेजारची फळी उकरली. तिच्याखालून उंच माणूस निघाला, पेटीत मावेना, तिरका ठेवावा लागला. दात बघायला पुढे झालो तर शिपायाने झाकण लावलं. त्याचे पाय दुमडलेले होते, ताई. तू विचारलं होतंस.

संध्याकाळी पहारेकरी तंबाखू मळत जोडीदाराला म्हणाला, "मंत्री यायच्या आदल्या दिवशी दोरी लावून फळ्या सरळ करायला लावल्या, तेव्हा कुणाला वाटलं होतं की पुढे कुणी खाली बघेल?" झालं होतं ते असं. माळाखाली खडक आहे. पोरांनी जिथे फावडं शिरलं तिथे खणलं, कबरी वेड्यावाकड्या झाल्या. मंत्र्यांना वाकडं दिसू नये म्हणून फळ्या उपटून सुतात लावल्या. फळ्या सरकल्या, माणसं आपल्या जागी राहिली. आणि मी, दगड बघून पोट भरणारा माणूस, त्या रांगांचं तुला कौतुक लिहून पाठवलं. खाली खडक असताना कबरी सरळ येतीलच कशा, एवढं मला कळायला हवं होतं.

पुन्हा मेजरकडे गेलो. ते म्हणाले, शंका नोंदवा, हरकत नाही. शंका नोंदवली की दोन्ही पेट्या "अज्ञात" होतात आणि मोठीत जातात. मग ना तुला काही मिळणार, ना त्या दुसऱ्या घराला. एका फळीवर शंका घेतली की सगळ्या रांगेवर घ्यावी लागते, सगळ्या आया रिकाम्या हातांनी बसतील. हे ऐकून मी गप्प बसलो. आणि हो, शंका घेणाऱ्या कंत्राटदाराला स्मारकाचं काम राहिलं नसतं. हे मीच लिहितो, नाहीतर तू लिहिशील.

कारकून पेट्यांवरची गावं मोठ्याने वाचत होता. दुसऱ्या पेटीचं गाव आणि घर मी ऐकून ठेवलं. खाली लिहिलंय. जाऊ नकोस म्हटलं तर जाशीलच, म्हणून काही म्हणत नाही.

चहा नाही दिलास तरी चालेल. पत्र मात्र लिही.

धोंड्या

दुकान, ८ मे

धोंड्या,

जाऊन आले.

बाई शाळेत शिपाई आहे, घंटा वाजवते. मी सांगितलं, तुमच्या मुलाच्या फळीशेजारी माझ्या मुलाची फळी होती, म्हणून भेटायला आले. तिनं मला सख्ख्या बहिणीसारखं आत घेतलं. "म्हणजे आपण शेजारणीच की," म्हणाली. भिंतीवर पलटणीचा फोटो आहे. तिचा मुलगा पुढच्या ओळीत, बसलेल्यांतही लहान दिसणारा. सगळे दात दाखवत हसतोय, एकसारखे, ओळीनं. मागच्या ओळीत टोकाला एक मान सगळ्यांच्या वर आलेली. तोंड घट्ट मिटलेलं. फोटो काढताना तो नेहमी मिटायचा, दातामुळे. ती म्हणाली, "हा कोण उंच, माहीत नाही. पत्रातून ह्याचं फार लिहायचा. रात्री पाय माझ्या अंगावर टाकतो म्हणायचा."

मग कबरीवर घेऊन गेली. हातानं माती सारखी केली आणि म्हणाली, "उचलणारे म्हणाले, बाई, पेटी जड आहे. मी म्हटलं, माझा ठेंगू सैन्यात जाऊन वजनदार झाला." आणि हसली. गाडीत बसल्यापासून मी एक वाक्य जुळवत होते. ते वाक्य तोंडाशी आलं होतं. तिच्या हाताखाली माझा मुलगा होता, माझ्यापासून हातभर अंतरावर, पाय दुमडून. मी त्या मातीला हात लावला, दुसऱ्याच्या वस्तूला लावतात तसा, विचारून.

सांगितलं असतं तर? दोघी मिळून कचेरीत गेलो असतो, दोघींच्या पेट्या गेल्या असत्या, आणि तुझ्या त्या काळ्या दगडाखाली ते दोघं अज्ञात म्हणून शेजारी झाले असते. तिला घंटेच्या वेळा सांभाळून रोज तिथे जाता येतं. मी जे मागितलं होतं, ते निदान तिच्याकडे तरी राहू दे. "तुमचा कुठे असतो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चालत जाता येतं इतका जवळ."

तेव्हा मीही गप्प बसले. पण तुझं गप्प बसणं आणि माझं गप्प बसणं एका फळीवर लिहू नकोस. तुझ्या गप्पपणाला कामाचा हुकूम मिळालाय. तूच आधी लिहिलंस म्हणून ते कमी होत नाही.

मधली खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. मी येणार नाही. तुझ्या त्या सोन्याच्या हातांना सांग, अ चांगला खोल कोरा. वारा लागला, ऊन लागलं, तरी हलता कामा नये. पहिल्या रांगेतल्या बायकांना वाचता येतं.

माझ्याकडे जो आहे, त्याच्याकडे मी संध्याकाळी दुकान लावून जाते. रागावता येत नाही त्याच्यावर, त्याचा काय दोष. घरची हाक मात्र तोंडात येत नाही, चांगल्या घरचं पोर, दचकेल. त्याची आई त्याला "बाळा" म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणायला शिकतेय. जीभ वळत नाही, पण जमेल.

आणि तिकडे ती बिचारी रोज त्या मातीवर हात फिरवून उंटाला "बाळा, बाळा" करत बसते. बाळा म्हटल्यावर तो कधी उठला होता, धोंड्या?

ताई